दोनशे चौदा ओळींची शाई

दौतबाई बसमधून उतरल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, पण त्यांचा दिवस मात्र तेव्हाच संपल्यासारखा झाला होता. दोन तासांचा प्रवास, तोही उलट्या तोंडाच्या सीटवर. उजव्या मनगटाला बांधलेला पट्टा घामानं ओला झालेला. गेले चार दिवस झोप अशी नव्हतीच. डोळा लागला की डोळ्यांपुढे फिकट निळी पानं उलटायला लागायची.

वन्सं थांब्यावर उभ्याच होत्या. दौतबाईंच्या नवऱ्याची ही धाकटी बहीण लग्न होऊन या शहरात आली, त्याला आता तीस वर्षं झाली होती. दोघी एकाच वयाच्या, पण वन्सं बोलायला लागल्या की समोरच्याला आपण शाळेत असल्यासारखं वाटायचं.

"वहिनी, तोंड बघ तुझं. कुणी म्हणेल खरेदीला नाही, कुणाला पोचवायला आलीस."

"चला हो वन्सं. पाचची परतीची गाडी धरायचीय."

"आल्या पावली जायची घाई. आणि कशासाठी, तर म्हणे शाई. तुमच्याकडे शाई मिळत नाही?"

"मिळते. तीच तर मिळाली," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

दौतबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मनोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं टेबलावर शाईची बाटली घेऊन बसलेली बाई, म्हणून कुणीतरी कधीतरी गमतीनं ठेवलं आणि मग तेच चिकटलं. आता शिपाईदेखील त्याच नावानं हाक मारायचा आणि त्या ओ द्यायच्या. कचेरीत संगणक आले, टेबलं बदलली, पंखे जाऊन गार हवेची यंत्रं आली. पण मूळ रजिस्टर हातानंच लिहायचं, पक्क्या शाईनं लिहायचं, हा नियम कुणी बदलला नव्हता. इस्पितळातून चिठ्ठी यायची, त्यावर बाळाचं नाव, आईबापांची नावं, तारीख, वेळ. ती वाचून बाईंनी रजिस्टरात एक ओळ लिहायची. ओळ संपली की त्या मनातल्या मनात म्हणायच्या, सुखी राहा. एकतीस वर्षांत एकाही बाळाला हा शब्द चुकला नव्हता. सकाळची प्रार्थना एखाद्या दिवशी घाईत उरकली असेल, पण हे नाही.

पक्की शाई मोठी मानी. कागदावर उतरते तेव्हा अगदी फिकट, आजारी माणसाच्या ओठांसारखी. रात्रभर हवा खाते आणि दुसऱ्या दिवशी काळीनिळी होते. मग पाणी पडो, ऊन लागो, शंभर वर्षं हलत नाही. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी घाबरतोच, की हे काय, दिसतच नाही. बाई त्याला सांगायच्या, उद्या बघ.

त्या स्वतः मात्र उद्या कधी बघत नसत. त्यांना काम शिकवणाऱ्या जुन्या लेखनिकबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "लिहून झालेलं पान मागे वळून उघडायचं नाही. उघडलं की हात शिवशिवतो. हे अक्षर जरा नीट करू, ती वेलांटी जरा वळवू. रजिस्टरात एकदा लिहिलं ते लिहिलं." बाईंनी ते व्रतासारखं पाळलं. ओळ लिहायची, टिपकागद दाबायचा, तो लिहिलेल्या ओळींवर तसाच झाकून ठेवायचा, पान भरलं की उलटायचं. मागचं पान पाहायचं ते कुणी उतारा मागायला आला तरच, आणि उतारे मागायला लोक यायचे ते महिन्या-दोन महिन्यांनी.

तिथंच घात झाला.

पहिलं दुकान वन्संनीच शोधून ठेवलं होतं. एका काचेच्या इमारतीच्या तळमजल्यावर, आत शिरताच थंडी वाजेल असं. पेनं मखमलीवर आडवी ठेवलेली, प्रत्येकावर वेगळा दिवा. काळ्या कोटातली विक्रेती मुलगी हसत पुढे आली.

"भेट द्यायचीय का मॅडम? कुणासाठी?"

"भेट नाही. शाई हवीय," बाई म्हणाल्या. "नोंदणीची. लिहिताना फिकट दिसते आणि मग काळी होते, ती."

मुलीनं एक मोठा तक्ता काढला. त्यावर शंभरेक रंगांचे ठिपके. मोरपंखी, वीटकरी, चमचम करणारी सोनेरी, वासाची गुलाबी. "यातली कुठली?"

"यातली रंग बदलणारी कुठली?"

"ही बघा, उजेडात लाल दिसते आणि सावलीत हिरवी."

"अगं बाई," वन्सं पुटपुटल्या, "सरड्याची शाई."

बाईंनी विचारलं, पाण्यानं जाते का? मुलगी आनंदानं म्हणाली, लगेच जाते मॅडम, हाताला लागली तर नुसतं धुवायचं. बाईंनी तिचे आभार मानले. मुलगी चांगली होती. तिनं दोघींना दारापर्यंत पोचवलं आणि मनगटाचा पट्टा पाहून म्हणाली, हलकं पेन वापरत जा, दुखणार नाही.

दुसरं दुकान बाजारात, वह्या-पुस्तकांचं. तिथं दुकानदारानं पेन म्हटल्यावर बॉलपेनांचं अख्खं खोकं पुढे सरकवलं आणि शाई म्हटल्यावर विचारलं, "शाई? कुणाला लिहायचंय आता शाईनं?" तिसऱ्या दुकानात शाई होती, पण नकाशे काढायची. "ती पेनात भरलीत तर पेनाचं सिमेंट होईल," तिथल्या माणसानं सांगितलं. त्यानं निदान एक पत्ता दिला. पुलाच्या पलीकडे, जुन्या छापखान्यांच्या गल्लीत, तिसरा मजला, एक शाईवाला आहे म्हणाला, असलाच तर.

"असलाच तर म्हणजे?" वन्संनी विचारलं.

"म्हणजे म्हातारा आहे हो."

पुलाच्या अलीकडे एक बाक होता. वन्संचे गुडघे बोलायला लागले होते आणि बाईंचे पायही. दोघी बसल्या. समोरून माणसं जात होती, प्रत्येकाला कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं.

"आता सांग," वन्सं म्हणाल्या. "तू एका बाटलीसाठी रजा टाकणारी बाई नाहीस. दादाच्या ऑपरेशनला अर्धा दिवस घेतला होतास तू."

बाईंनी पिशवी मांडीवर ओढली. मग पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक शाईची बाटली काढून त्यांनी वन्संच्या हातात दिली.

"मागच्या बाजूला बारीक अक्षरं आहेत. वाचा."

वन्संनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मुलांसाठी सुरक्षित. कपड्यांवरचे डाग सहज निघतात." त्यांनी वर पाहिलं. "बरं मग? चांगलंच आहे की."

"पक्की शाई बनवणाऱ्यांनी ती बंद केली. भांडारातून ही आली. बाटली तशीच, झाकण तसंच, रंगही तसाच फिकट. मी पेन धुतलं, भरलं आणि लिहीत बसले. तीन आठवडे. फिकट तर फिकट, उद्या काळी होईल. उद्या मी बघत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे." त्यांनी बाटली परत घेतली. "सोमवारी एक बाप उताऱ्याला आला. घाईत होता, मुलीला घेऊन परगावी जायचं होतं त्यांना. मी पान उघडलं, तर पान अजून निळंच. वन्सं, मी बोट ओलं केलं आणि समासातल्या माझ्या खुणेला लावलं. खूण बोटावर आली. कागदावर काहीच उरलं नाही."

वन्संनी चष्मा काढून हातात धरला.

"दोनशे चौदा मुलं आहेत. मी मोजली. प्रत्येकाला आशीर्वाद दिला मी, तो पक्का. आणि शाई कच्ची."

"पण त्यांच्या चिठ्ठ्या असतील ना? इस्पितळाच्या?"

"आहेत. शनिवारी जातील. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पोती भरून लगद्याच्या गिरणीत जातात. त्यानंतर ते मूल कधी, कुणाच्या पोटी जन्मलं, याला साक्ष एकट्या रजिस्टराची."

"आणि संगणकात?"

"संगणकात रजिस्टर पाहूनच भरतात, सहा महिन्यांनी. तोवर पावसाळी ओल, कुणाचा पाण्याचा ग्लास, काहीही."

वन्संनी पदराच्या टोकानं मान पुसली. त्यांचं डोकं अडचणीतून वाट काढण्यात पटाईत. तीस वर्षं सासर सांभाळलेलं डोकं ते. "मग सोपं आहे. पक्की शाई मिळाली की गिरवून टाक. त्याच अक्षरांवरून. अक्षर तुझंच, हात तुझाच, कोण ओळखणार?"

"तेच करायला आलेय," बाई हळूच म्हणाल्या.

खरं होतं ते. चार दिवस त्यांनी दुसरा विचारच केला नव्हता. नियमाप्रमाणे बिघडलेली नोंद साहेबांना दाखवायची, साहेबांनी त्यावर लाल रेघ मारायची, आणि नव्या पानावर चिठ्ठी वाचून दुबार नोंद करायची, खाली दोघांच्या सह्या. इतरांच्या अशा नोंदी बाईंनी पाहिल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या रजिस्टरांत एकतीस वर्षांत एकही लाल रेघ नव्हती. कपाटात ओळीनं उभी असलेली ती रजिस्टरं पाहून त्यांना मनात जे वाटायचं त्याला गर्व म्हणतात, हे त्यांना कळत होतं, आणि रोज प्रार्थनेच्या शेवटी त्या त्याबद्दल क्षमाही मागायच्या. पण वाटायचं थांबलं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. एकदम दोनशे चौदा लाल रेघा.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," वन्सं म्हणाल्या.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असंही म्हणतात."

"ते कोंबडं बोंबलतं म्हणून म्हणतात. तुझं कोंबडं कुठं बोलतंय? ऊठ. पाचची गाडी धरायचीय ना तुला?"

छापखान्यांच्या गल्लीत आता छापखाने दोनच उरले होते. बाकी गोदामं. तिसऱ्या मजल्याचा जिना इतका अरुंद, की खाली उतरणाऱ्या एका माणसाला वाट द्यायला दोघींना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. वन्सं प्रत्येक वळणावर थांबून म्हणत होत्या, "हा माणूस शाई विकतो की औषध? एवढं चढून आलेल्याला औषधच लागणार."

शाईवाला होता. खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसून तो एका निबेकडे भिंगातून पाहत होता. कृश, टक्कल पडलेला, आणि उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेराशी कायमची काळी. खोलीत फडताळंच फडताळं, त्यांत बाटल्या, पुठ्ठ्याची खोकी, पेनांचे सुटे भाग, आणि एका कोपऱ्यात काचेची मोठी बरणी, तिच्या तळाशी काळसर गाळ.

"बसा. श्वास घ्या आधी," तो म्हणाला. "वर येणाऱ्याशी मी दोन मिनिटं बोलत नाही. एकदा एक गिऱ्हाईक बोलता बोलता चक्कर येऊन पडलं होतं."

दोन मिनिटं झाल्यावर बाईंनी काय हवं ते सांगितलं. त्यांनी 'नोंदणीची' म्हणताच त्यानं भिंग खाली ठेवलं.

"लोखंडाची शाई. आहे. मीच करतो, वर्षातून दोनदा. घेणारे आता पाच-सहा जणच राहिलेत." त्यानं फडताळातून एक बाटली काढली, हलवली नाही, तशीच उजेडापुढे धरून तळ पाहिला आणि समाधानानं मान डोलवली. "मात्र पेन आठवड्याला धुवायचं. पेनात साचली की निब खाते. माणसासारखीच आहे, रिकामी बसली की वाईट."

"या शाईवरून तुमची गिरवली तर राहील का?" बाईंनी दुसरी बाटली पिशवीतून काढून पुढे ठेवली.

शाईवाल्यानं बाटली उचलली, मागचं वाचलं, आणि मग बाईंकडे पाहिलं. मनगटाचा पट्टा, तर्जनीवरचं जुनं घट्टं, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं असावं.

"किती पानं?"

बाईंच्या आधी वन्संच बोलल्या. "तिचं नाही हो. आमच्या ओळखीच्या एक आहेत."

"हो का. ओळखीच्यांचा पट्टा यांनी बांधलाय वाटतं."

वन्सं गप्प झाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"नऊ पानं," बाई म्हणाल्या. "दोनशे चौदा ओळी."

त्यानं विचारलं नाही कशाच्या. एक कोरा कागद पुढे ठेवला, दोन पेनं काढली, एकात कच्ची शाई भरली, दुसऱ्यात पक्की. "लिहा. तुमच्या कामात लिहिता तशीच एक ओळ. मग वाळू द्या, मग गिरवा. मग पाणी टाकून बघू. मी सांगण्यापेक्षा कागदच सांगेल."

बाईंनी लिहिलं. सोमवारच्या त्या घाईतल्या बापाची ओळ त्यांना तोंडपाठ झाली होती. मुलीचं नाव, आई, बाप, तारीख, वेळ. सतरा तारीख, पहाटे पाच चाळीस. ओळ वाळली. मग पक्क्या शाईचं पेन घेऊन त्यांनी ती गिरवायला घेतली. खिडकीतून उजेड चांगला होता. त्या सावकाश गिरवत होत्या, एकेक वळण, एकेक दांडी. ओळीच्या मध्यावर मनगट ठणकायला लागलं, तसं त्यांनी पेन जरा तिरकं धरलं आणि पुढे गेल्या. संपल्यावर पाहिलं, तर खरंच, ओळखू येत नव्हतं. जाडी किंचित वाढली होती, एवढंच.

"झकास," वन्सं म्हणाल्या. "मी सांगत नव्हते?"

"पाऊण तास," शाईवाला म्हणाला. "तिला कागद धरू दे."

त्या पाऊण तासात त्यानं चहा केला. तो जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होता. म्हणाला, माझ्याकडे माणसं दोन कामांसाठी येतात. काहींना लिहिलेलं राहायला हवं असतं, काहींना लिहिलेलं जायला हवं असतं. दुसरी जास्त. त्यांना मी खालच्या दुकानात पाठवतो, खोडरबर मिळतो म्हणून. वन्सं हसल्या. बाईंनी चहा संपवला, पण त्याची चव त्यांना कळली नाही. खुर्चीला पाठ टेकताच त्यांचे डोळे मिटायला लागले होते. इतकं थकलेलं असावं माणसानं, त्यांना वाटलं, की कुणी उठवू नये.

मग त्यानं कागद एका थाळीत ठेवला आणि वरून पेलाभर पाणी ओतलं.

कच्ची निळी शाई धुरासारखी उठली आणि पसरली. त्यानं पाणी ओतून टाकलं, पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा पाणी स्वच्छ राहिलं. कागद टिपून त्यानं बाईंच्या पुढे केला. ओळ जागेवर होती.

"राहिली," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, राहिली बघ."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ घेतला. नाव होतं. आई होती, बाप होता. मग तारीख. त्यांनी पुन्हा पाहिलं. सतराच्या जागी एक होता. सात नव्हता. जिथं मनगट दुखलं आणि पेन तिरकं झालं, तिथं तो सात गिरवायचा राहून गेला होता. गिरवताना दिसला नव्हता, कारण खालची निळी शाई होतीच, डोळ्यांना सगळं भरलेलं वाटत होतं. पाण्यानं तो नेला, आणि त्या जागी रिकामा कागद, जणू तिथं कधी काही नव्हतंच.

"अरे देवा," वन्सं हळूच म्हणाल्या. "पोरगी सोळा दिवसांनी मोठी झाली."

कुणी हसलं नाही.

"एकच ओळ होती ही," बाई म्हणाल्या. "दिवसाच्या उजेडात. तुम्ही दोघं समोर होतात."

"हो," शाईवाला म्हणाला.

"दोनशे चौदामध्ये असे किती राहतील, ते मला कधी कळणार नाही. पाणी पडेपर्यंत कळणार नाही. आणि तोवर चिठ्ठ्या गेलेल्या असतील."

 थाळीतलं पाणी खिडकीबाहेरच्या कुंडीत ओतून शाईवाला परत स्टुलावर जाऊन बसला. घाई नव्हती त्याला. बाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना त्या मुलीची आई आठवली नाही, बापही नाही. साहेबांच्या टेबलावरची लाल पेन्सिल आठवली, आणि कपाटातली रजिस्टरं. खूप वेळानं त्यांनी कागदाची घडी घातली.

"ही बाटली द्या," त्या म्हणाल्या. "आणि पेनं दोन."

"दोन? एकाला काय झालं?" वन्संनी विचारलं. "तुझ्याकडे आहे की तुझं."

"माझ्या पेनात तीन आठवडे कच्ची शाई आहे. नीट धुऊन कोरडं व्हायला दिवस जाईल, तेवढा वेळ नाही. एक मला नवं."

"आणि दुसरं?"

"साहेबांना. दुबार नोंदीखाली त्यांची सही लागते, पक्क्या शाईत. ते बॉलपेननं लिहितात."

 वन्संनी वहिनींच्या पिशवीचा बंद उगीचच नीट केला. "दोनशे चौदा सह्या," त्या शेवटी म्हणाल्या. "तो माणूस तुझा गळा धरेल."

"धरू दे. त्याआधी सह्या करू दे."

"हात कसा आहे त्यांचा?" शाईवाल्यानं विचारलं.

"जड. दाबून लिहितात. खालच्या दोन कागदांवर उमटतं."

तो उठला आणि एका खोक्यातून निबा निवडायला लागला. एक घेतली, कागदावर दाबून पाहिली, ठेवून दिली. दुसरी घेतली. जाड टोकाची, ताठ. "ही वाकणार नाही. पण त्यांना सांगा, दाबायचं नाही, शाई आपली आपण उतरते. बॉलपेनवाल्यांना हेच कळत नाही." बाईंसाठी त्यानं पातळ, मऊ निब लावली आणि पेन त्यांच्या हातात देऊन पट्ट्यासकट मनगट कसं वळतं ते पाहिलं, मग निब आणखी थोडी घासली. एवढी काळजी त्या मनगटाची गेल्या वर्षभरात डॉक्टरनंदेखील घेतली नव्हती.

जिना उतरताना वन्सं पुढे होत्या. दुसऱ्या मजल्यावर त्या वळून म्हणाल्या, "मी तुला वाईट सल्ला दिला."

"तुम्ही दिला नसता तर मी स्वतःला दिला असता. चार दिवस तोच देत होते."

"दादाला सांगणार?"

"तुम्ही सांगालच की," बाई म्हणाल्या. दोघींना हसू आलं, दमलेलं, आवाज नसलेलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साहेब आले तेव्हा त्यांच्या टेबलावर एक लांबट डबी होती. दौतबाई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. साहेबांपुढे त्या एरवी उभ्या राहायच्या. साहेब त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, कामाला वक्तशीर, बोलायला तिखट.

"हे काय बाई? निवृत्ती तुमची, भेट मला?"

"भेट नाही साहेब. आधी ऐका, मग उघडा."

त्यांनी सांगितलं. क्रमानं, काही न गाळता. बाटलीपासून ओल्या बोटापर्यंत, गिरवायचा विचार, गिरवलेली ओळ. घडी घातलेला कागद पुढे ठेवला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. साहेबांनी रजिस्टर मागवलं. नऊ पानं एकेक करून पाहिली. त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचं बोट ओलं केलं, मग विचार बदलून रुमालाला पुसून टाकलं.

"सोमवारी कळलं तुम्हाला."

"हो."

"आज शुक्रवार आहे."

"हो साहेब."

"एकतीस वर्षं झाली तुम्हाला. उद्या कुणी नवीन पोरगी असं वागली असती, तर तुम्हीच तिला माझ्यापुढे उभं केलं असतं."

बाईंनी मान हलवली. उभं केलंच असतं.

"सेवापुस्तकात नोंद करावी लागेल ही."

"करा. पक्क्या शाईनं करा."

साहेबांनी वर पाहिलं. हसावं की रागवावं हे त्यांना ठरवता येईना, मग दोन्ही न करता त्यांनी शिपायाला हाक मारली आणि तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्यांचं पोतं वर आणायला सांगितलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि उद्याची गिरणीची गाडी सोमवारवर ढकलता येते का ते विचारायला सांगितलं. येत नव्हती. मग त्यांनी कोटाची बाही दुमडली.

लाल रेघा साहेबांनीच मारल्या. पट्टीनं, एकेक ओळ. बाई त्या पेन्सिलीकडे पाहत राहिल्या. पहिल्या रेघेला छातीत काहीतरी हललं. पाचव्या रेघेनंतर नुसता थकवा उरला. विसाव्या रेघेनंतर त्या पाहायच्याही राहिल्या. त्यांनी नवं पान उघडलं, पेनाचं टोपण काढून मागे लावलं.

"वाचा साहेब," त्या म्हणाल्या. "सावकाश वाचा. तारीख दोनदा."

साहेबांनी पहिली चिठ्ठी उचलली आणि वाचायला लागले. नाव वाचलं, आईचं वाचलं, बापाचं वाचलं. तारीख दोनदा वाचली. बाईंनी लिहिलं, टिपकागद दाबला, ओठ हलवले, आणि पान त्यांच्याकडे सरकवलं. साहेबांनी डबीतलं पेन काढलं. सवयीनं जोरात दाबून सही केली आणि शाईचा केवढा तरी ठिपका पडला.

"दाबायचं नाही," बाई म्हणाल्या. "आपली आपण उतरते."

"दोनशे तेरा राहिल्या," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढची चिठ्ठी घेतली.